राजकन्येचा शेवटचा श्वास

जादूच्या राज्याच्या परदेशी मालिकेतल्या विशीतल्या राजकन्येला सहा वर्षं मराठीतून आवाज देणारी बाई स्वतः बावन्न वर्षांची होती. तिच्या आईची स्मृती गेली होती. समोर बसलेली लेक तिला ओळखू येत नसे, पण टीव्हीतून तो कोवळा आवाज आला की ती खुलायची, "माझी पोर बोलतेय."

एके दिवशी स्टुडिओत हातात संवाद पडले, तर राजकन्या ड्रॅगनच्या आगीत मरत होती.

"दादा, नुसती जखमी नाही का ठेवता येणार?"

"ताई, ती मेलीय. आपण फक्त ओठ जुळवायचे," दिग्दर्शक म्हणाला. "आणि शेवटचा श्वास आखडता घ्या, तिचं तोंड लवकर मिटतं."

तिने बेतशीर प्राण सोडला. सगळ्यांनी कौतुक केलं.

तो भाग लागायच्या संध्याकाळी तिने घरचा टीव्ही बिघडल्याचं सांगितलं. शेजारणीला दया आली आणि ती आईला आपल्या घरी घेऊन गेली.

आई रडतच परतली. "माझी पोर गेली हो."

"आई, मी इथेच आहे," लेक अगदी त्याच कोवळ्या आवाजात म्हणाली.

आईने डोळे पुसले आणि तिच्याकडे रोखून पाहिलं.

"गेलेल्या माणसाची नक्कल करू नये, बाई. शोभत नाही."