कोब्यावर मशीन उतरवायची वेळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते माझ्या धाकट्या काकांचे. गेली तीस वर्षं ते बांधकामांवर काँक्रीटचे कोबे घोटून गुळगुळीत करायचं काम करतात. माझे वडील मी आठवीत असताना गेले. रायगडातल्या आमच्या तालुक्याच्या शाळेत दहावी झालो, तसं काकांनी मला भाईंदर पूर्वेला स्वतःच्या एका खोलीत आणलं. आधी डिप्लोमा करायला लावला, मग डिग्री. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. निकालाच्या दिवशी काका कामावरून आले, घाईनं मार्कशीट घ्यायला हात पुढे केला आणि बोटांवरचं सिमेंट दिसल्यावर मागे घेतला. म्हणाले, "तूच धर. मी लांबून वाचतो."

नोकरीला लागून मला सहा महिने झाले होते, अजून कायम झालो नव्हतो. वरसाव्याजवळ घोडबंदर रोडला आमच्या कंपनीनं एका मोठ्या गोदामाचं काम घेतलं होतं. तिथल्या कोब्यासाठी चांगला मिस्त्री हवा होता. मी काकांचं नाव सुचवलं, पण नातं सांगितलं नाही. ती काकांचीच अट होती.

"काम बरं झालं तर म्हणतील, पुतण्यानं लावून घेतलं. बिघडलं तर तुझी नोकरी. त्यापेक्षा तू साहेब, मी मिस्त्री. विषय संपला."

साइटवर ते मला खरोखरच "साहेब" म्हणायचे, आणि मी त्यांना "मिस्त्री". पहिल्या दिवशी घरी आलो तर म्हणाले, "काय साहेब, चहा घेणार का?" काकू आतून ओरडली, "साहेबांना म्हणावं, कप स्वतः विसळायचा!" आम्ही तिघंही खूप हसलो होतो.

कोब्याचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काँक्रीट ओतून सारखं केलं की काही वेळानं त्यातलं पाणी वर येतं. ते पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. मग पंख्यासारखी पाती असलेलं मशीन त्यावर फिरवायचं. मशीन उशिरा उतरवलं तर काँक्रीट दाद देत नाही. लवकर उतरवलं तर त्या दिवशी कोबा आरशासारखा दिसतो, पण पाणी आत कोंडलेलं राहतं आणि पुढे वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. मशीन उतरवायची वेळ मिस्त्रीच ठरवतो. जिथं जिथं मी काम पाहिलं तिथं हीच रीत होती. कागदावर त्याची नोंद नसते, कुणाची सही नसते. काका ओणवे होऊन पंजाची मागची बाजू कोब्याला लावायचे. हात ओला झाला की उठायचे आणि पुन्हा सावलीत जाऊन बसायचे.

तो मे महिन्यातला दिवस होता. गोदामाचा पहिला अर्धा भाग सकाळी आठपर्यंत ओतून झाला. मग काँक्रीटच्या गाड्या वरसाव्याच्या पुलाजवळ अडकल्या. मी फोनवर फोन करत होतो आणि ड्रायव्हर एकच सांगत होता, "साहब, हिल भी नहीं रहा." दुसरा भाग ओतून संपायला दुपारचा एक वाजला.

काकांनी दोन्ही भागांकडे बघून सांगितलं, "साहेब, आज हे दोन वेगळे कोबे झालेत. दोघांना एक घड्याळ चालणार नाही."

साडेतीनला पहिल्या भागाचं काम संपलं. दुसरा भाग सावलीच्या बाजूला होता, तिथं वारा पोचत नव्हता. त्यावर पाण्याची चकाकी तशीच होती. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरचा फोन आला. गोदाम बांधून घेणाऱ्या पार्टीची माणसं पाच वाजता बघायला येणार होती.

"पूर्ण फ्लोअर तयार दिसला पाहिजे. तुला जमत नसेल तर आत्ता सांग. मी दुसऱ्याला पाठवतो."

"जमेल सर," मी म्हणालो.

फोन ठेवून मी काकांकडे गेलो. गँगमधली सहा माणसं आसपास बसली होती.

"मिस्त्री, दुसऱ्या भागाला किती वेळ?"

"दोन तास तरी."

"पाचला पार्टी येतेय."

"येऊ दे की. पाण्याला कुठं माहितीय कोण येतंय ते."

माणसं हसली. काकांनी ते सहज म्हटलं होतं, पण मला ते लागलं. मी म्हणालो, "मग वरून सुकं सिमेंट मारा. पाणी ओढून घेईल. आणि मशीन उतरवा."

असं कधीही करायचं नाही, हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण घाई असली की लोक असं करतात, हेही मी दोन-तीन साइटवर पाहिलं होतं. त्या क्षणी मला तेवढंच आठवलं.

"साहब, ये तो पापड बनेगा," गँगमधला एक जण म्हणाला.

"चूप रे," काका त्याला म्हणाले. मग माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात बोलले, "बाळा, दोन तास थांब. हवं तर मी तुझ्या साहेबांशी बोलतो."

बाळा. साइटवर त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच आला होता. कुणी ऐकलं की काय, या भीतीनं मी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "मिस्त्री, मी सांगतोय तेवढं करा. नाहीतर मी दुसरी गँग बोलावतो."

काका मागे सरले. "बरं साहेब," म्हणाले. मग माणसांकडे वळून, "चलो, उतारो." मशीन त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. स्वतः चालवलं.

पाच वाजता कोबा झगझगत होता. पार्टीची माणसं खूश झाली, मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काका बाहेर नळावर मशीनची पाती धूत बसले होते. घरी जेवताना ते मला एकच वाक्य बोलले, "उद्या कोब्यावर गोणपाट नीट भिजवून टाकायला सांग."

पुढचे दिवस मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी साइटवर जायचो. ओलं गोणपाट एका कोपऱ्यात उचलून खाली बघायचो. पाचव्या दिवशी केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसलं. मी गोणपाट परत नीट पसरून ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही. काकांनाही नाही. तेही विचारत नव्हते.

बाराव्या दिवशी पार्टीचा इंजिनियर लोखंडी सळई घेऊन आला. सळई ठोकत तो पहिल्या भागातून चालत गेला. ठण, ठण, ठण. आम्ही सगळे त्याच्या मागे होतो. दोन भागांमधला जोड ओलांडला आणि आवाज बदलला. बद्द. चार पावलं पुढे गेला, पुन्हा बद्द. त्यानं खिशातली किल्ली काढून खरवडलं, तर नखाएवढा पापुद्रा सुटून वर आला.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "इथं मशीन कोणी उतरवलं?"

मी तोंड उघडलं होतं. त्याआधीच काका शटरपाशी होते तिथून म्हणाले, "मी उतरवलं साहेब. माझा अंदाज चुकला."

"तीस साल में अंदाज नहीं आया?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

काकांनी हात पँटला पुसले.

"उद्यापासून तुमची गँग इथं नको. बाकीच्या कॉन्ट्रॅक्टरांनाही मी कळवतो."

"बरं."

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या हातात वही होती, त्या दिवसाच्या सगळ्या वेळा तिच्यात लिहिलेल्या होत्या. मी गप्प राहिलो. नंतर साहेब केबिनमध्ये एकटे होते, तरीही गेलो नाही.

संध्याकाळी घरी आलो तर काका पिशवी भरत होते. गावी विहिरीच्या कठड्याचं काम पडलंय, म्हणाले.

"काका, मी साहेबांना सांगतो."

"काय सांगतोस? तू अजून कायम व्हायचायस. मला आता अशी किती कामं करायचीत?"

"पण तुमचं नाव—"

"नाव माझं आहे ना? मग मी बघतो."

काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काय झालंय तुम्हा दोघांना?"

"काही नाही. एक कोबा बिघडला."

"तुमचा?" ती हसली. "काहीतरीच. तुमचा कोबा कधी बिघडलाय?"

काकांनी पिशवीची चेन ओढली.

काका गेल्यावर चार दिवसांत भाईंदरच्या दोन कॉन्ट्रॅक्टरांनी त्यांना ठरवून दिलेली कामं काढून घेतली. हे मला काकूकडून कळलं, कारण फोन तिला आले. पाचव्या दिवशी शांती नगरच्या नाक्यावर गँगमधला तो 'पापड बनेगा' म्हणणारा भेटला. सकाळपासून तिथं काम मिळेल म्हणून उभा होता.

"साहब, मिस्त्री ने तो मना किया था ना? हम सब ने सुना." मग खांदे उडवून म्हणाला, "लेकिन हम बोलेंगे तो कौन मानेगा."

मी घरी जाऊन काकूला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. काकांचा फोन बंद होता आणि मेसेज ते वाचत नाहीत, म्हणून केबिनमधून बाहेर आल्यावर साइट ऑफिसातच बसून पत्र लिहिलं आणि स्पीड पोस्टानं पाठवलं. त्याची प्रत माझ्याजवळ आहे. ती जशीच्या तशी देतो.

काका,

वाकून नमस्कार. फोन लागत नाही म्हणून लिहितोय. काकू बरी आहे. काल तिला मी सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाहीये, पण सकाळी डबा दिला.

आज मी मोठ्या साहेबांना लेखी दिलं की पाणी वर असताना सुकं सिमेंट मारायला आणि मशीन उतरवायला मीच सांगितलं. तुम्ही दोन तास थांबायला सांगत होतात आणि मी दुसरी गँग आणायची धमकी दिली, हेही लिहिलं. वेळा लिहिलेली वही त्यांच्यापुढे ठेवली. तुम्ही माझे काका आहात, हेही आता लपवलं नाही.

तिथंच सगळं फिरलं. साहेब म्हणाले, "मिस्त्रीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, आणि आता पुतण्या येऊन म्हणतो माझी चूक. काकाला वाचवायला तू हे लिहिलं नाहीस कशावरून?" वहीत वेळा आहेत, पण कोण काय बोललं ते नाही. गँगमधल्यांना विचारा म्हटलं, तर ती तुझ्या काकाचीच माणसं, असं म्हणाले. इतके दिवस गप्प का होतास, हेही विचारलं. घाबरलो होतो, एवढंच मी सांगू शकलो.

आता ते तुम्हाला विचारणार आहेत. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता फोन करतील. त्या वेळी फोन चालू ठेवा. घरात रेंज नसते, तेव्हा वर शाळेपाशी जाऊन थांबा. ते तुम्हाला विचारतील की मशीन उतरवायला कोणी सांगितलं. मला ठाऊक आहे, तुम्ही पुन्हा स्वतःचंच नाव सांगाल. तसं करू नका. नोकरी गेली तर मी दुसरी शोधीन. तुम्ही मला शिकवलंय, मला कुठेतरी काम मिळेल. तुम्हाला मात्र या वयात कुणी दुसऱ्यांदा विश्वासानं बोलावणार नाही.

दुसरा भाग पुढच्या आठवड्यात फोडणार आहेत. पहिल्या भागाला कुणी हात लावणार नाही, तो पास झालाय. तो कोबा तुमचा आहे. बिघडलेला माझा आहे. साहेबांना एवढंच सांगा, आणि मला वाचवू नका.

तुमचा पुतण्या