मालूताईंची कांडवेल आणि माझी गोळी

दीड महिना झाला. इस्पितळातून पुतण्याचा फोन आला, "काकी, आई गेली," आणि खरं सांगते, माझा हात डोळ्यांकडे नाही, आधी स्वतःच्या कमरेकडे गेला. थोरली जाऊ गेली आणि मला भीती वाटली ती माझ्याच हाडांची... लाज वाटते, पण तसंच झालं.

मालूताई अंगणात पडल्या. निसरडं नव्हतं, ठेच लागली नव्हती. उभ्या उभ्या खुबा मोडला आणि कोसळल्या. मग ऑपरेशन, मग छातीत कफ, मग सगळं संपलंच. आणि हीच बाई आमच्या गिरीज गावभर हाडं जोडण्यासाठी नावाजलेली! आमच्या कुंपणावर त्यांनी चौकोनी कांड्यांची कांडवेल चढवलेली. आगाशी-उमेळ्याहून माणसं मोडका हात गळ्यात बांधून यायची. "प्लास्टर हाड नुसतं धरून ठेवतं रे, जोडते ती माझी वेल," असं ठणकावून सांगायच्या आणि कोवळी कांडं चिंचेत शिजवून चटणी द्यायच्या. चिंच नसली तर घसा असा खाजतो की विचारू नका.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आम्हा दोघींची हाडं ठिसूळ झाल्याचं एकदमच सांगितलं. परत येताना रिक्षात ताई म्हणाल्या, "घरात वेल असून आपण गोळ्या खाल्ल्या तर लोक काय म्हणतील गं?" मी मान डोलावली आणि गुपचूप आठवड्याची गोळी सुरू केली. त्यांच्यासमोर चटणी मिटक्या मारत खायची. गोळीचं सांगायचा धीर काही झाला नाही. त्या गेल्यावर मी एकच घोकत होते: त्यांनी गोळी घेतली नाही म्हणून पडल्या, मी घेते, मी वाचेन. हलकटच विचार, पण त्याच्यावरच मला झोप लागायची.

परवा त्यांचं कपाट आवरताना साड्यांच्या घडीखाली रिकामी पाकिटं सापडली. मी घेते तीच गोळी, दोन वर्षांची! दर रविवारी सकाळी ताई चहाला हात न लावता अर्धा तास ताठ बसायच्या. मला वाटायचं जप करतात... अगं बाई, गोळी गिळून उपाशीपोटी अर्धा तास ताठ बसायचं, मागच्या दारी मी तेच तर करत होते!

मटकन बसावंसं वाटलं, पण भीतीने कपाट धरून हळूच टेकले. वेल खाल्ली, गोळीही खाल्ली, तरी गेल्या. मग मी कोणाच्या भरवशावर पाऊल टाकू? डॉक्टर म्हणतात, गोळी सोडू नका. नाही सोडत.

स्वयंपाकघरातून मोरीकडे जाताना भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला एक तेलकट पट्टा आहे. ताई आम्हाला कळू न देता भिंत धरून चालायच्या. काल पुतण्या तिथे रंग लावायला निघाला, तर मी ओरडलेच, "हात लावू नकोस त्याला!" त्याला काय सांगू? मीही आता तिथेच हात टेकून चालते.