आईनं दातानं ओढलेली गाठ

“अहो ताई, गळ्यातलं तुम्हीच काढायला लावलंत ना? आता उघड्या गळ्याची लाज कुणाला वाटायला लागली?”

शिवणारीण मशीनवरून उठली नाही. पायाखालची फळी हलतच होती. प्रार्थना-मंडळाच्या ताई केंद्राच्या दारात उभ्या. शिवणकेंद्राला मदत देणारे पाहुणे शहरातून यायचे होते, आणि त्यांना डोंगरातली बाई तिच्या मूळ पोशाखात बघायची होती.

“पाहुण्यांची हौस गं. फोटो झाला की सुटलीस. माळ मी देते.”

शेजारच्या मशीनवर थोरली जाऊ खुसखुसली. “जा बाई, नटून घे. या वयात कुणी विचारतंय तर.”

मंडळ डोंगरात आलं तेव्हा शिवणारणीचा नवरा पिऊन यायचा आणि हाताला लागेल ते तिच्या अंगावर फेकायचा. खोटं कशाला बोला, प्रार्थनेला बसायला लागला आणि बाटली सुटली. मंडळानं पाण्याची टाकी बांधली, ही मशीनं आणली, हिच्या पोरीला वसतिगृहात घेतलं. बदल्यात म्हणणं एवढंच, जुन्या देवांचं काही अंगावर ठेवायचं नाही. बायकांनी माळा काढल्या आणि आपापल्या हातानं नदीत सोडल्या. थोरल्या जावेनं तर हसत हसत लांब भिरकावली. घरी येऊन त्या दिवशी चूल मात्र पेटवली नाही.

हिच्यानं ते झालं नाही. त्यांच्यात लेकीची माळ आईच ओवते आणि शेवटची गाठ दातानं ओढते. टोकाच्या लाकडी मण्यावर दाताचा वण राहतो. हिची आई नुकतीच गेलेली. “ताई, माझा हात उचलत नाही. तुम्हीच टाका,” म्हणत तिनं माळ ताईंच्या ओंजळीत दिली आणि पाठ फिरवली.

ताईंनी आतल्या खोलीतलं कपाट उघडून कापडी पिशवी टेबलावर पालथी केली. वर बाजारातून आणलेल्या चकचकीत माळा, आणि तळाशी एक जुनी. शिवणारणीनं जुनी उचलली. टोकाच्या मण्यावरून अंगठा फिरवला आणि तिथंच ठेवला. आईचा पुढचा दात वाकडा होता. वणही वाकडाच.

“ही नदीत टाकली होतीत ना?”

ताई जराशा ओशाळल्या. “मन झालं नाही गं. इतकं सुरेख काम. म्हटलं, राहू दे.”

“मग माझी मला द्या.”

“तुझी कशी आता? तूच सोडलीस ना. आणि हे घालून घरी गेलीस तर बाकीच्या मला खातील, हिला मुभा आणि आम्हाला का नाही म्हणून.” मग आवाज मऊ करून म्हणाल्या, “पोरीचं शेवटचं वर्ष आहे. वसतिगृहात नीट पार पडू दे.”

बोलणारीला ती धमकी वाटली नसेल. ऐकणारीनं माळ गळ्यात घातली.

पाहुणे आले. एका बाईनं मण्यांना बोट लावून विचारलं, “अजून करता तुम्ही हे?”

“आम्ही ही कला जपतोय,” ताईच म्हणाल्या. थोरल्या जावेला एकदम खोकला आला.

गाड्या गेल्यावर ताईंनी हात पुढे केला. शिवणारणीनं माळ काढून दिली. या खेपेला पाठ फिरवली नाही. माळ पिशवीत गेली, पिशवी कपाटात गेली, किल्ली ताईंच्या कमरेला गेली, तिथवर बघत राहिली आणि मग मशीनवर येऊन बसली.

“कशी दिसलीस गं फोटोत?” जावेनं विचारलं.

“आहे तशी.”

“ती जुनी माळ कुणाची होती?”

जावेची माळ खरंच नदीत गेली होती. शिवणारणीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

“मंडळाची,” ती म्हणाली. दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, सुईत ओवलं आणि फळीवर पाय दाबला.