नानांची बारा मिनिटं

नानांना कुणी "अजून एक होऊन जाऊ दे" म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. टाळ्या थांबल्या की ते पांढरे हातमोजे चढवायचे आणि समोरच्याला स्वच्छ सांगायचे, "एवढंच येतं मला." लोकांना तो विनय वाटायचा. विनयबिनय काही नव्हता. त्यांच्याकडे खरंच तेवढंच होतं. बारा मिनिटांचा एक जादूचा खेळ, आणि तो ते तरुणपणापासून घासत आले होते. सिंगापूरच्या पासिर रिसमधल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव 'बारामिनिटे नाना' असं पडलं होतं. नाव मीच पाडलं होतं आणि ते त्यांना आवडायचं.

नाना म्हणजे माझ्या ऑफिसातल्या अभयचे वडील. पुण्यात बँकेत नोकरी केली, पत्नी गेल्यावर व्हिजिट पासवर मुलाकडे आले आणि आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहू लागले. बहुतेकांचे आईवडील इथे आले की पहिल्या महिन्यातच कंटाळतात. नाना कंटाळले नाहीत. रोज सकाळी पार्कात समुद्राकडे तोंड करून एका बाकावर बसायचे आणि बोटांत लाकडी चेंडू फिरवायचे. शेजारी चिनी आजी-आजोबांचा व्यायाम चाललेला असायचा. त्यांच्यापैकी कुणी मान वळवून बघत नसे, आणि नानांना नेमकं तेच हवं असे. तालीम ही बघायची गोष्ट नाही, असं त्यांचं मत होतं.

हा खेळ त्यांना शिकवला एका इंग्रजाने. पुण्याच्या कॅम्पात एका भाड्याच्या खोलीत राहणारा हा म्हातारा एके काळी इंग्लंडातल्या गावोगावच्या थिएटरांत जादू करायचा. नाना त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचे. त्या थिएटरांची रीत अशी की एकाच संध्याकाळी गाणारे, विनोद करणारे, कसरती करणारे आणि एक जादूगार, प्रत्येकाला थोडाथोडा वेळ. आठवडाभर एका गावात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. पुन्हा त्या गावात यायला दोन-तीन वर्षं लागायची, त्यामुळे तोच खेळ जन्मभर पुरायचा. माणूस तेवढ्याच मिनिटांवर संसार करायचा आणि तेवढीच मिनिटं चकचकीत करत राहायचा. मग टीव्ही आला. साहेबाला कुणीतरी हौसेने बोलावलं, त्याने आपली बारा मिनिटं कॅमेऱ्यासमोर केली आणि सगळ्या देशाने ती एका रात्रीत पाहून टाकली. पुढच्या गावी थिएटरचा मॅनेजर म्हणाला, हे तर आम्ही पाहिलंय. साहेब कुठल्याशा फिरत्या कंपनीबरोबर बोटीत बसला तो मुंबईला उतरला आणि परत गेलाच नाही.

ही गोष्ट सांगताना नाना शेवटी एकच वाक्य म्हणायचे. "साहेबाला टीव्हीनं खाल्लं." आणि मग चहा मागायचे.

खेळ सुरू होण्याआधी ते प्रेक्षकांना दोन गोष्टी सांगत. एक, फोन खिशात ठेवा. दोन, "मी तुम्हाला फसवणार आहे. नीट बघा." त्यानंतर एक शब्द नाही. अंगात साहेबाचा उसवून पुन्हा शिवलेला काळा टेलकोट, स्पीकरवर एक जुनी विलायती धून. रिकाम्या मुठीतून एक पांढरा चेंडू निघे, त्याचे दोन, दोनाचे चार. मग एकेक नाहीसा होई. चौथा जाताना नाना हात इतका सावकाश उघडत की आता दिसेल, आता दिसेल असं वाटे, आणि तळहातावर असे झेंडूचं फूल. ते नाना पहिल्या रांगेतल्या सगळ्यांत वयस्कर बाईला देत. हा झेंडू त्यांची स्वतःची भर. साहेब गुलाब काढायचा.

आता त्या केदारबद्दल. केदार आमच्या मंडळाचा उत्साही कार्यकर्ता. दर वर्षी मुलांसाठी 'चमत्कारामागचं विज्ञान' असा कार्यक्रम करतो. बुवा हवेतून अंगारा कसा काढतो, जिभेवर कापूर कसा जाळतो, वगैरे. चांगला कार्यक्रम आहे, मी स्वतः मुलीला घेऊन जाते. आपण मराठी माणसं भोंदूबाबांचं पितळ उघडं पाडत मोठी झालो, त्याचा मला अभिमानच आहे. नानासुद्धा तरुणपणी असल्या कार्यकर्त्यांबरोबर खेडोपाडी फिरले होते. ते म्हणायचे, "बाबा खोटं बोलून फसवतो. मी सांगून फसवतो." हा फरक पाचवीतल्या पोराला कळतो. केदारला कळला नाही.

गणपतीत नानांचा खेळ झाला. सगळ्यांनी फोन ठेवले. केदारने कोपऱ्यात ट्रायपॉडवर कॅमेरा लावून ठेवला होता, 'आठवण म्हणून'. पंधरवड्याने त्याने सगळ्या खेळाचा व्हिडिओ टाकला. शेवटी चौथा चेंडू जाण्याचा क्षण, अगदी संथ केलेला, आणि चेंडू जिथे होता तिथे लाल गोल, म्हणे. वर मथळा, चमत्कारामागचं विज्ञान. मंडळाच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. नानांनाही टॅग केलं होतं.

मी लाल गोलापर्यंत गेलेच नाही. मथळा वाचला आणि तशीच उठून केदारकडे गेले. तो खुशीत होता. "अगं, जगभरातून लोक बघतायत. नाना फेमस झाले. उलट मुलांना कळायला नको का, जादू असं काही नसतं?" मी त्याला विचारलं, नाना कधी म्हणाले होते का की असतं म्हणून? तो हसला. म्हणाला, तू फार मनाला लावून घेतेस. मनाला न लावता कसं जगतात ते केदारसारख्या लोकांकडून शिकावं. एका माणसाने जन्मभर तळहातावर जपलेली गोष्ट यांनी रविवारच्या दुपारी सोफ्यावर लोळत सोलून ठेवली आणि वर ते त्याला विज्ञान म्हणत होते. विज्ञानाचाही अपमान केला. व्हिडिओ त्याने काढला नाही. अभयनेही आग्रह धरला नाही, मंडळात उगाच वाईटपणा नको म्हणून. त्याचाही मला राग आहे.

दिवाळीला कमिटीने नानांना पुन्हा बोलावलं. आपण काय केलंय याची कुणाला कल्पनाच नव्हती. नाना आले, म्हणाले, मी तुम्हाला फसवणार आहे. तीन चेंडू गेले. चौथ्याला हात उघडायच्या आधीच पहिल्या रांगेतून एक मुलगा इथल्या इंग्रजीत ओरडला, "आय नो व्हेअर इट गो, लाह!" पोरं खिदळली. पोरांचा काय दोष? मागे त्यांचे आईबापही हसले, कौतुकाने. नानांचा हात तसाच मिटलेला राहिला. धून वाजत होती. त्यांनी चेंडू पेटीत ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "पाहिलंय तुम्ही हे."

त्यानंतर पार्कातला बाक रिकामा दिसू लागला. अभय म्हणाला, वय झालं, बोटं साथ देत नाहीत. बोटांना काहीही झालं नव्हतं.

नानांनी पुण्याला मुलीकडे जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी भर दुपारी दाराची बेल वाजली. दारात नाना, त्या उकाड्यात पूर्ण टेलकोट घालून, हातात पेटी. आत न येताच विचारलं, "वैशू, खरं सांग. तो व्हिडिओ पाहिलास का तू?"

"नाही नाना."

"एकदाही नाही?"

"नाही."

"मग बस," ते म्हणाले.

मी माझ्याच हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसले. त्यांनी सांगितलं की ते मला फसवणार आहेत. मी नीट बघितलं. चौथ्या वेळी हात उघडला तेव्हा मला रडू आलं, कारण मी खरंच फसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते कळल्याचा आनंद होता. लिटल इंडियातून आणलेला झेंडू त्यांनी मला दिला, हातमोजे चढवले आणि लिफ्टने वर गेले.

गेल्या महिन्यात नाना पुण्यात वारले. मंडळाने शोकसभा ठेवली. फोटोला हार, उदबत्ती, दोन भाषणं. मग केदार उठला, म्हणाला, शब्दांपेक्षा नानांची कलाच बोलेल, आणि पडद्यावर तोच व्हिडिओ सुरू झाला. मथळा बदलला होता, आता तिथे 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं होतं. खाली जोडलेले हात. पडद्यावर नाना म्हणाले, नीट बघा. लोकांनी डोळे पुसले. तीन चेंडू गेले आणि चित्र संथ होऊ लागलं.

मी उठले आणि प्रोजेक्टरची वायर उपटली.

केदार म्हणाला, "अगं, काय करतेस? सगळ्यांनी पाहिलेलंच आहे ते." मी म्हटलं, मी नाही पाहिलेलं. वायर हातात घेऊन मी सभा संपेपर्यंत तिथेच उभी राहिले. माझी मुलगी मला "मम्मा, सिट डाऊन" म्हणत होती, पण बसले नाही.

चौथा चेंडू कुठे जातो हे या मंडळात आता फक्त मला माहीत नाही. मला ते कुणी सांगायला येऊ नये.