मिस्त्रींनी चहा घेतला

जुनी चारचाकी घ्यायची ठरली की अहमदपूरची माणसं आधी आमच्या दारात येतात. माझे वडील अण्णा, म्हणजे व्यंकट मिस्त्री, एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं बसगाड्यांखाली झोपून काम करत होते. निवृत्त झाल्यावर तरी पलंगावर झोपतील असं आईला वाटलं होतं, तर ते लोकांच्या गाड्यांखाली झोपायला लागले. तेही फुकट. कुणी नारळ दिला तर घ्यायचे, एवढंच.

हल्ली सगळ्यांना एकाच जातीची गाडी हवी असते. दहा-बारा वर्षं जुनी, छोटी एसयूव्ही. उंच दिसली पाहिजे, गल्लीत वळली पाहिजे आणि सासुरवाडीत उतरताना चार माणसांनी बघितली पाहिजे. शेवटच्या अटीकडे अण्णा लक्ष देत नसत. त्यांची पद्धत ठरलेली. भल्या सकाळी जायचं आणि आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, मालकाला थंड इंजिन चालू करून दाखवायचं नाही. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि क्लचच्या पायडलाचं रबर गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेला. दाराच्या कडेचं रबर उचलून कंपनीच्या वेल्डिंगच्या टिकल्या बघायच्या; त्या नसल्या तर गाडी ठोकलेली. आणि शेवटी टॉर्च घेऊन खाली.

पण मालकाच्या तोंडावर त्याच्या गाडीला नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून एक खूण ठरली होती आणि ती नांदेडपासून लातूरपर्यंत त्यांच्यासोबत जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती. गाडी बघून झाली की मालकाच्या घरातून चहा येतोच. मिस्त्रींनी कप घेतला तर गाडी घ्या. "ॲसिडिटी हाय" म्हणून परत केला तर चपला घाला आणि निघा. निम्म्या तालुक्याला अजूनही वाटतं, आमच्या अण्णांना पोटाचा विकार आहे.

आई भाद्रपदात गेली. सिंधु तिचं नाव. चार दिवस ताप आला आणि गेली. अण्णा रडले नाहीत. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. अंघोळीचं पाणी काढलंय असं कुणी सांगितलं नाही, तर दुपारपर्यंत तसेच बसून राहायचे. भेटायला येणारे म्हणायचे, "लई धीराचे हाईत मिस्त्री." असं म्हणणाऱ्यांना हाताला धरून घराबाहेर काढावं असं मला वाटायचं. मी इथल्याच शाळेत शिकवते. दिवसभर पन्नास पोरांवर ओरडून घरी यायचे आणि मग आम्ही दोघं पंख्याचा आवाज ऐकत बसायचो. माझंही काही धड चाललेलं नव्हतं. वही तपासून बाजूला ठेवली की ती कुणाची होती, हे आठवायचं नाही.

माघात जलीलभाई आले. बसस्टँडसमोर त्यांचं शिलाईचं दुकान आहे, माझ्या शाळेतल्या निम्म्या पोरांचे गणवेश तेच शिवतात. त्यांच्या घरच्या, आबेदाभाभी, गुडघ्यांनी बेजार. जीपमध्ये चढता येत नाही आणि बुटक्या गाडीत बसलं की उठता येत नाही. लेक तूबा नांदेडला दिलेली, दोन लहान मुली घेऊन सुट्टीला माहेरी आली होती. लातूरला श्रीशैल नावाच्या माणसाची एक छोटी एसयूव्ही विकायची होती, सीट बरोबर भाभींच्या कमरेएवढी.

"मिस्त्री, तुमच्याबिगर मी गाडीला हात लावणार न्हाई," जलीलभाई म्हणाले.

"बघू," अण्णा म्हणाले.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मीच त्यांच्या चपला पुढे सरकवल्या आणि टॉर्च हातात दिली. "जा ना अण्णा. तेवढंच बाहेर पडाल." पुढे जे झालं त्यात चूक कुणाची, हे कुणी विचारलं नाही, पण ती माझी होती.

संध्याकाळी जलीलभाई पेढे घेऊन हजर. "पोरी, मिस्त्रींनी आख्खा कप पिला! बशीतलाबी सोडला न्हाई." मी एकापाठोपाठ दोन पेढे खाल्ले. आई गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी पूर्वीसारखं झालं होतं. अण्णा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते, ते मला तेव्हा दमल्यासारखे वाटले. शनिवारी गाडी जलीलभाईंच्या दारात आली. रविवारी आठ वाजता सगळे तिच्यातून तूबाला पोचवायला नांदेडला निघणार होते.

त्या रविवारी सकाळी मी चहा केला. अण्णांनी कप तोंडाला लावला, सगळा पिला, खाली ठेवला. मी माझा घोट घेतला आणि मोरीत जाऊन थुंकला. झोपेत साखरेऐवजी मिठाचा डबा उघडला होता.

"अण्णा, चहा कसा झाला?"

"चांगला झाला."

मला आधी हसू आलं. मग लातूरचा कप आठवला.

"लातूरला गाडीखाली गेलता का तुम्ही?"

"गेलो की."

"मग चहा का पिला?"

ते एखादं अवघड गणित घातल्यासारखे कपाळाला आठ्या घालून बसले. "दिला म्हणून पिला," ते म्हणाले.

जलीलभाईंना फोन लावला, दोनदा लावला, उचलला नाही. निघायच्या गडबडीत कोण उचलतंय? पावणेआठ झाले होते. मी अण्णांना स्कूटीवर मागे बसवलं, टॉर्च त्यांच्या खिशात कोंबली आणि बाजारातून भाजीवाल्यांच्या शिव्या खात गेले.

गाडी दारात उभी होती, धुतलेली, पांढरीशुभ्र, आरशाला गुलाबाचा हार. आबेदाभाभी पुढच्या सीटवर आधीच बसल्या होत्या. मला बघून त्यांनी काच खाली केली. "दामिनी, बघ, कुणाचा हात न धरता बसले!" मागच्या सीटवर तूबाच्या दोन मुली उड्या मारत होत्या आणि गाडी त्यांच्या उड्यांनी हलत होती. त्या हलण्याकडे माझ्याच्याने बघवेना.

मी जलीलभाईंना काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तोवर अण्णा रस्त्यावर उताणे झाले होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, तसेच धुळीत. इकडेतिकडे न शोधता थेट डाव्या पुढच्या चाकाखाली गेले. टॉर्चचा उजेड एका जागी थांबला आणि तिथंच राहिला.

"भाभींना उतरवा," खालून आवाज आला. "लेकरांनाबी."

पाच महिन्यांत त्यांनी कुणाला काही करायला सांगितलं नव्हतं. मुली लगेच उड्या थांबवून खाली उतरल्या. जलीलभाई त्यांच्या शेजारी रस्त्यावर आडवे झाले आणि अण्णांनी त्यांना जागा दाखवली. खालच्या सांगाड्याच्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगचा एक जोड होता. अपघातात गेलेला पुढचा भाग कापून टाकून दुसऱ्या गाडीचा भाग तिथे बसवलेला, आणि जोडाला चीर गेलेली. अण्णांचं नख तिच्यात आत जात होतं.

दोघं उठून उभे राहिले. अण्णांनी हात झटकले नाहीत. "वेगात खड्डा लागला की चाक निखळंल," ते म्हणाले. "आज न्हाई तर महिन्यानं. गाडी घेऊ नका म्हणायला पायजे होतं मी. पर म्हणलो न्हाई."

 जलीलभाईंनी ओरडावं असं मला वाटत होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही काहीतरी घोटभर घेतलं, याच खुशीत मी घरी आलो. गाडी कशी हाय, हे मीबी इचारलं न्हाई." मग तूबाला म्हणाले, "बॅगा काढ बेटा. सव्वानऊची एसटी हाय." श्रीशैल गाडी परत घेईल की नाही, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं.

आबेदाभाभी अजून सीटवरच होत्या; त्यांना उतरवायला दोघी लागल्या, एका बाजूने तूबा, दुसऱ्या बाजूने मी. चढताना ज्या कुणाचा हात न धरता चढल्या होत्या, त्यांनी उतरताना माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

परतताना मी स्कूटी हळू चालवली. डेपोच्या भिंतीपाशी आल्यावर मला राहवलं नाही. "जाऊ द्या अण्णा," मी म्हणाले. "लातूरला अंधार असेल खाली. न्हाई दिसलं तुम्हाला."

"दिसलं हुतं."

मी ब्रेक दाबला. "काय?"

"जोड. नख घालून बघितलं मी तिथंच."

"मग?"

"मग काही न्हाई." ते माझ्या खांद्यामागून बोलत होते, डेपोतल्या एखाद्या जुन्या बिघाडाबद्दल सांगावं तसे. "लेकरं बसतेल ह्यात, हे कळत हुतं. चाक निखळंल, हेबी कळत हुतं. पर काहीच वाटलं न्हाई, दामिनी. वर आलो. कप दिला. पिलो."

मी तापट आहे, सगळी शाळा सांगेल. त्या क्षणी मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण मला भीती वाटत होती. माझ्यामागे बसलेल्या माणसाची वाटत होती, आणि ज्या वह्या मी न बघता तपासत होते त्यांची वाटत होती. शेजारून एक बस आत गेली, गेटवरच्या माणसाने अण्णांना नमस्कार केला, त्यांनीही केला.

"आता वाटतंय का काही?" मी विचारलं.

त्यांनी खरंच शोधून बघितलं असावं, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"न्हाई अजून," ते म्हणाले. "पर ह्या खेपेला सांगितलं."

मी मान हलवली, ती त्यांना मागून दिसली की नाही कोण जाणे. मग स्कूटी चालू केली आणि आम्ही घरी आलो.