रणजीचा शेवटचा दिवस

वारा फिरला की बिरवाडीत कारखान्यांचा आंबट वास घरात शिरतो. परवा तो आला तेव्हा नातू मोबाइलवर रणजीची फायनल बघत होता. मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

मी इथल्या कारखान्यात कामाला होतो, तेव्हा एका वर्षी अशीच मुंबई फायनलला होती. सामना शेवटच्या दिवसापर्यंत लांबलेला, आणि माझी नेमकी सकाळपाळी. मी रेडिओपुढून हलेना, तेव्हा सोबत खोलीत राहणाऱ्या सखारामने माझ्या आधी डबा उचलला. तो पोलादपूरच्या वरच्या वाडीतला.

"तू मॅच ऐक. मी जातो तुझ्या पाळीला, तू दुपारी माझ्या जा. मला त्यातलं काय कळत नाय. आल्यावर सांग फक्त, कोण जिंकलं."

जेवणाच्या सुमारास दोन विकेट उरल्या होत्या. एकदम हाच वास आला, नेहमीपेक्षा उग्र. डोळे चुरचुरले. मी खिडकी लावून घेतली, रेडिओ मोठा केला आणि पुन्हा ऐकत बसलो.

सामना संपल्यावर दार उघडलं, तर माणसं कारखान्याकडे धावत होती. गळक्या टाकीशी, माझ्या जागेवर, सखाराम मरून पडला होता.

कोण जिंकलं ते मला अजून आठवतं. मी ते कधीच कोणाला सांगितलं नाही.