माझ्या नावाचं अंदाजपत्रक

रावसाहेबांनी माझा कागद पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचला. आधी मराठीत. मग तमिळमध्ये, म्हणजे कुंभकोणमच्या त्या दोन गिरणीवाल्यांनाही हसता यावं.

"विमान शिकणें, चाळीस तास. तासाला तीस रुपये. बचत, महिना पाच रुपये." ते थांबले. "अगे, वीस वर्षं लागतील तुला! म्हातारी होऊन उडणार काय?"

हसता हसता एकाची कॉफी धोतरावर सांडली. मी खांबाजवळ उभी. मला 'बस' कुणी म्हटलं नव्हतं. कधीच म्हणत नसत.

चूक माझीच. रावसाहेबांची मुलगी सुभद्रा मद्रासेस विमान चालवायला शिकणार होती. मी त्यांच्याकडे टाइपिस्ट. तिथल्या विमानांच्या क्लबाला पत्रं मी लिहिली. तिचं अंदाजपत्रक मी केलं. विमानाचं भाडं, डॉक्टरची तपासणी, पुस्तकं, मद्रासेतलं राहणं, वाऱ्यापावसानं फुकट जाणारे दिवस. मांडता मांडता एक कोरा कागद यंत्रात घातला. वर माझं नाव टाइप केलं. राहणं : मावशीकडे, खर्च नाही. जेवण : एक वेळ. तो कागद तिच्या कागदांत मिसळून गेला.

मी जळत होते. खोटं कशाला सांगू? आम्ही दोघी एका वर्गातल्या. गणितात ती माझी वही बघून लिहायची. आता तिच्यासाठी आलेली पुस्तकं मीच आधी वाचायचे, पान दुमडू न देता. वारा आडवा असला तर विमानाचं नाक किती वळवायचं, ते मला काढता यायचं. तिला नाही. पण जाणार ती.

कागद वाचला तेव्हा सुभद्रा तिथेच बसली होती. हसली नाही. बांगडी फिरवत खाली बघत राहिली. बाकीच्यांच्या हसण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

रावसाहेब म्हणाले, "तुझा अप्पा आमच्या घरची पोलकी शिवतो. तू सुईंत दोरा ओव. असले थेर तुला नकोत." मग त्याच सुरात, "हा कागद फाड. सुभद्रेचा नीट टाइप करून आण. आणि परीक्षेची उत्तरं लिहून दे तिला. पाठ करील."

कागद हातात आला. मी त्याची घडी घातली.

"फाडणार नाही."

"काय म्हटलंस?"

"फाडणार नाही. टाइपही करणार नाही. तिची उत्तरं तिनं लिहावीं."

  पायऱ्या उतरून आले.

घरी अप्पा मशीनवर होते. सगळं सांगितलं. वाटलं, मारतील. ते एवढंच म्हणाले, "त्या घरचं शिवण गेलें आतां." गेलंच. त्यांच्या सोयऱ्यांचंही गेलं. दोन महिने आम्ही सकाळची कांजी संध्याकाळीही प्यायलो. मग नाचियारकोविलच्या एका पितळी दिव्यांच्या व्यापाऱ्याकडे मला पत्रव्यवहाराचं काम मिळालं. पहिल्या पगारातून मी मद्रासेच्या क्लबाचा अर्ज मागवला. बापाचा धंदा या रकान्यात 'शिंपी' लिहिलं. ठळक.

पहिल्यांदा वर गेले तेव्हा शिक्षकांनी विचारलं, "भीती वाटते का?" मी खाली बघितलंच नव्हतं. घड्याळ बघत होते. मिनिटाला आठ आणे.

सुभद्रेला लायसन मिळालं. मग लग्न झालं आणि तिनं उडणं सोडलं. लायसन म्हणे दिवाणखान्यात काचेत लावलंय. अप्पांना वाटलं, हे ऐकून माझा जीव थंड होईल. उलट त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुरे चाळीस तास मिळालेली बाई, आणि ती घरी बसते! इतकी मी तिच्यावर आधी कधी जळले नव्हते.

रावसाहेबांनी तो कागद वाचला त्याला तीन वर्षं झाली. माझे सात तास झाले. वर्षाला दोन-तीन, जसे पैसे साठतील तसे. आईनं दोनदा स्थळं आणली, दोन्ही परत पाठवली. लोक विचारतात, लायसन घेऊन करशील काय? माहीत नाही. तेहतीस तास बाकी आहेत. केस पांढरे झाले तरी ते मी घेणार.